फुकटातलं एन्क्रिप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये, एकदा तर हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातही मी या विषयावर बोललो आहे. कार्यक्रम संपतो, प्रश्न संपत नाहीत. ते फोनवर येत राहतात, आणि बरेचसे तेच ते असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. ‘माझा डेटा चोरीला गेला’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘माझाच डेटा मला उघडता येत नाही’ म्हणणारे मला जास्त भेटतात. त्यामुळे इथे कुलपापेक्षा किल्लीबद्दलच जास्त बोलणं होईल.

१. लॅपटॉपला पासवर्ड आहे. मग एन्क्रिप्शन म्हणजे वेगळं काय?

लॉगिनचा पासवर्ड म्हणजे फाटकावरचा वॉचमन. फाटकातून येणाऱ्याला तो हटकतो, मागची भिंत चढून आलेल्याला नाही. लॅपटॉप उघडून आतली डिस्क काढली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली, की तुमचे फोटो आणि पासबुकाचे स्कॅन जसेच्या तसे दिसतात. त्यासाठी लॉगिनचा पासवर्ड लागतच नाही. एन्क्रिप्शनमध्ये डिस्कवरचा मजकूरच बदललेला असतो. किल्ली नसेल तर दिसतो तो नुसता कचरा.

लहानपणी आपण च-ची भाषा बोलायचो. ‘तुला काय’चं ‘चलातु चयका’ व्हायचं. त्याआधीच्या पिढ्यांकडे हाताच्या खुणांनी बोलायची करपल्लवी होती. दोन्हींत गुपित होतं ते रीतीत. रीत कळली की खेळ संपला. आजच्या एन्क्रिप्शनची रीत मात्र उघड असते. एईएस ही पद्धत बेल्जियमच्या दोघांनी तयार केली, २००१ मध्ये ती अमेरिकी सरकारी मानक झाली आणि तिचा तपशील कोणीही वाचू शकतो. लपवायची ती फक्त किल्ली. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या डच गृहस्थांनी १८८३ मध्येच हे तत्त्व लिहून ठेवलं होतं.

२. फुकट आहे म्हणजे कुठेतरी गोम असणारच ना?

शंका रास्त आहे, पण या क्षेत्रात चित्र थोडं उलटं आहे. ज्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना वाचता येतो त्यात चोरवाट ठेवणं अवघड असतं, आणि असं बरंचसं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा ईमेल आणि फाइली लॉक करणारा प्रोग्रॅम फुकट वाटला. तेव्हा अमेरिकेत बळकट एन्क्रिप्शन निर्यातीच्या कायद्यात दारूगोळ्याच्या यादीत मोडत होतं. त्यांच्यामागे चौकशी लागली, ती १९९६ मध्ये मागे घेतली गेली. मधल्या काळात त्यांनी अख्खा कोड पुस्तक म्हणून छापला, कारण पुस्तक परदेशी न्यायला बंदी नव्हती.

फुकट म्हणजे कोणाच्याच खिशाला चाट नाही, असं मात्र नाही. पीजीपीचा मुक्त अवतार असलेला जीएनयूपीजी जर्मनीतले वेर्नर कोख यांनी १९९७ पासून वाढवला. पैशांच्या चणचणीत ते जवळपास एकट्याने तो सांभाळत होते. २०१५ मध्ये ही गोष्ट छापून आली, तेव्हा कुठे देणग्यांचा ओघ लागला.

माझा नियम असा की कोड खुला हवा, बाहेरच्यांनी तो तपासलेला हवा आणि अलीकडे त्यात सुधारणा झालेली हवी. डिस्क आणि फाइली लॉक करणाऱ्या व्हेराक्रिप्ट या फुकट प्रोग्रॅमची अशी तपासणी २०१६ मध्ये झाली, गंभीर चुका सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक लगेच दुरुस्त केल्या गेल्या. चुका सापडून जाहीर झाल्या, म्हणूनच माझा त्यावर विश्वास आहे. सावध राहायचं ते डाउनलोड करताना. शोधल्यावर सगळ्यात वर दिसते ती पुष्कळदा जाहिरात असते. थेट त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर जा.

३. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. कशाला हा उपद्व्याप?

घरात कोणाचं लग्न ठरवायचं आहे का? मग बायोडेटा आठवा. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांची नोकरी, मामांचं गाव, पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. हा कागद शेकडो अनोळखी फोनांत फिरतो. आता प्रश्न ८ वाचा, म्हणजे त्यातल्या पहिल्या दोन ओळींनी काय उघडतं ते कळेल.

४. फोनमध्ये वेगळं काही टाकावं लागतं का?

बहुधा नाही. अँड्रॉइड १० पासूनचे नवे फोन एन्क्रिप्शनसह येतात, आणि आयफोनला पासकोड लावला की ते आपोआप लागू होतं. तुमच्या हातात उरतो तो पिन. चार आकडी जन्मवर्ष ठेवलं असेल तर आजच सहा आकडी करा. बोटाने काढायचा पॅटर्न मी कोणाला सुचवत नाही. लोकलमध्ये शेजारी बसलेल्याला तो एका नजरेत पाठ होतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. फोनमधलं मेमरी कार्ड बहुतेकदा उघडंच असतं. आणि बंद करून ठेवलेला फोन नुसत्या लॉक केलेल्या फोनपेक्षा जास्त सुरक्षित असतो, कारण एकदा पिन टाकून उघडलेल्या फोनच्या किल्ल्या मेमरीत राहतात. दुरुस्तीला देताना फोन बंद करून द्या, आणि ‘पिन लिहून ठेवा’ म्हणाले तर आधी विचारा, कशासाठी.

फोटो लपवणारी ‘व्हॉल्ट’ ॲप्स, ज्यांचं चिन्ह कॅल्क्युलेटरसारखं असतं, ती टाकू नका. त्यांतली कित्येक फक्त फाइलचं नाव बदलतात.

५. विंडोजचा लॅपटॉप आहे. सुरुवात कुठून करू?

सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. होम आवृत्तीत याच नावाने असतं, प्रो आवृत्तीत बिटलॉकर म्हणून. आधीच सुरू असेल तर फक्त रिकव्हरी किल्ली (लॅपटॉप अडला तर डिस्क उघडणारे ४८ आकडे) कागदावर उतरवा आणि पुढचा प्रश्न वाचा. तुमच्या होम आवृत्तीत ती सोय दिसत नसेल तर व्हेराक्रिप्टने पूर्ण डिस्क लॉक करता येते. ते फुकट आहे, पण पहिल्यांदा करताना शेजारी कोणीतरी जाणकार असू द्या आणि बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

मॅकवर फाइलव्हॉल्ट असतं आणि लिनक्सवर बसवतानाच लक्स या एन्क्रिप्शनचा पर्याय येतो. दोन्ही फुकट, दोन्ही चांगले.

६. मी काहीच सुरू केलं नव्हतं, तरी लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी किल्ली मागतोय!

गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे आले. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप सुरू होतं. मग बायोस (लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाला, मदरबोर्ड बदलला किंवा बूटच्या सेटिंगमध्ये कोणी बोट घातलं, की लॅपटॉपला वाटतं आपण परक्या हातात आहोत, आणि तो किल्ली मागतो.

ती किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला त्या खात्यात असते. दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात शिरा, उपकरणांच्या यादीत रिकव्हरी किल्ली दिसेल. स्क्रीनवरच्या किल्ली-क्रमांकाची पहिली आठ अक्षरं तिथल्या क्रमांकाशी जुळवा.

घोळ इथेच असतो. लॅपटॉप दुकानातच ‘सेटअप करून’ मिळालेला असतो आणि तो दुकानातल्या मुलाच्या ईमेलवर, किंवा त्याने तिथल्या तिथे बनवलेल्या, कोणालाच न आठवणाऱ्या खात्यावर उघडलेला असतो. कधी मुलाच्या कॉलेजच्या खात्यावर. एकदा आम्ही चार ईमेल तपासले आणि किल्ली मिळाली ती जावयाच्या खात्यात, कारण दिवाळीला त्याने ‘ऑफिस चालू करून दिलं’ होतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाचं खातं बघा आणि दुकानाची पावती शोधा. कुठेच सापडली नाही तर डेटा गेला. लॅपटॉप फॉरमॅट करून वापरता येईल, पण फाइली परत मिळणार नाहीत. ‘आमच्याकडे बिटलॉकर तोडून मिळेल’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

पुढच्या वेळी बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवण्याचा पर्याय वापरा. आणि हेही ध्यानात असू द्या की किल्लीची प्रत कंपनीकडे आहे म्हणजे कायदेशीर आदेश आल्यास ती कंपनी देऊ शकते. ज्यांना तेवढंही नको, ते व्हेराक्रिप्टकडे वळतात.

७. पूर्ण डिस्क नको, फक्त पेनड्राइव्हवरची काही कागदपत्रं लॉक करायची आहेत.

व्हेराक्रिप्टमध्ये ‘कंटेनर’ बनवा. ही एक मोठी फाइल असते, समजा ५ जीबीची. पासवर्ड देऊन ती माउंट केली, म्हणजे उघडली, की विंडोजमध्ये नवा ड्राइव्ह दिसतो. त्यात फाइली टाका, काम करा, अनमाउंट करा, की परत ती एकच बंद फाइल. कपाटातल्या कपाटासारखं समजा.

लोक तीन ठिकाणी अडतात. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या प्रकारात फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून आधी तो एक्सफॅट करून घ्या. अनमाउंट न करता पेनड्राइव्ह उपटला तर कंटेनर बिघडू शकतो. आणि माउंट करायला संगणकावर ॲडमिनचे हक्क लागतात, त्यामुळे ऑफिसच्या किंवा कॅफेच्या मशीनवर ते चालेलच असं नाही. झेरॉक्सच्या दुकानात तर कंटेनर उघडूच नये. तिथे लागणारी एकच फाइल वेगळी न्यावी. व्हेराक्रिप्टचं स्वतःचं मोबाइल ॲप नाही.

हे सगळं जुन्या ट्रूक्रिप्टवर उभं आहे. त्याच्या अनाम कर्त्यांनी मे २०१४ मध्ये ‘हे वापरणं सुरक्षित नाही’ अशी सूचना लावून अचानक गाशा गुंडाळला. अजून कोणाच्या मशीनवर ट्रूक्रिप्ट असेल तर आतल्या फाइली नव्या व्हेराक्रिप्ट कंटेनरमध्ये हलवा.

८. सीएला पॅन, फॉर्म १६ पाठवायचं आहे. पीडीएफला पासवर्ड लावला की पुरे ना?

पासवर्ड कोणता, यावर आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. बायोडेटावर दोन्ही वरच छापलेली असतात. म्हणजे कुलूप आहे, पण किल्ली पायपुसण्याखाली. बँकांच्या स्टेटमेंटचीही तऱ्हा बरीचशी हीच.

पाठवण्यासाठी सेव्हन-झिप हा फाइलींचं गाठोडं बांधून कुलूप लावणारा प्रोग्रॅम वापरा. फुकट आहे आणि ‘सेव्हन-झेड’ प्रकारात एईएस-२५६ वापरतं. फाइलींची नावंही लपवण्याच्या चौकोनात खूण करा, नाहीतर आत काय आहे ते यादीत दिसतं. साध्या झिप प्रकारातली ‘झिपक्रिप्टो’ ही जुनी पद्धत कमकुवत आहे, ती निवडू नका. उघडणाऱ्याकडेही सेव्हन-झिप किंवा तशा फाइली उघडणारं ॲप लागेल. फाइल ईमेलने गेली तर पासवर्ड फोनवर बोलून सांगा. त्याच ईमेलच्या खाली ‘पासवर्ड असा आहे’ लिहिणारे मी रोज बघतो.

आधारची प्रत मागितली असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर मास्क केलेलं आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

९. गूगल ड्राइव्हवर ठेवलेलं एन्क्रिप्टेडच असतं ना?

असतं, पण किल्ली गूगलकडे. बाहेरच्या चोरापासून तुम्ही वाचता. खुद्द कंपनीपासून, किंवा तुमचं खातं बळकावणाऱ्यापासून नाही. किल्ली स्वतःकडे हवी असेल तर क्रिप्टोमेटर बघा. ते प्रत्येक फाइल वेगळी लॉक करून मग ड्राइव्हवर पाठवतं. संगणकावर फुकट आहे, मोबाइल ॲपला पैसे पडतात. तोटा म्हणजे ड्राइव्हमध्ये नावाने शोधता येत नाही आणि फोटोंची झलक दिसत नाही.

व्हेराक्रिप्टचा कंटेनर ड्राइव्हवर ठेवणारे एका खास अडचणीत सापडतात. आत बदल केले तरी व्हेराक्रिप्ट कंटेनरची ‘शेवटचा बदल’ ही वेळ मुद्दाम जुनीच ठेवतं. बदललेल्या फाइली ड्राइव्हवर चढवणाऱ्या काही सिंक प्रोग्रॅमना वाटतं काही बदललंच नाही, आणि वर जुनी प्रत राहते. व्हेराक्रिप्टच्या सेटिंगमधली वेळ जुनीच ठेवण्याची खूण काढून टाका.

१०. व्हॉट्सॲप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे. मग सिग्नल कशाला?

एंड-टू-एंड म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणालाच वाचता येत नाही असं. सिग्नल हेही मेसेजचंच ॲप. मजकुरापुरतं बोलायचं तर दोन्हींचं इंजिन एकच. सिग्नलचीच पद्धत व्हॉट्सॲपने घेतली आणि एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांसाठी लागू केली. फरक आहे तो पाकिटाबाहेरच्या माहितीत. तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, हे व्हॉट्सॲपला दिसू शकतं. सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेत न्यायालयीन आदेश आला, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं.

सिग्नल ना-नफा संस्था चालवते. २०१८ मध्ये ती उभी राहिली तेव्हा ५ कोटी डॉलर देणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक. खात्यासाठी फोन नंबर अजूनही लागतो, पण २०२४ पासून समोरच्याला नंबर न देता युजरनेम देता येतं.

तरी दूधवाला, शाळेचा ग्रुप आणि आत्याबाई व्हॉट्सॲपवरच राहणार. मी कोणाला ते सोडायला सांगत नाही. तब्येतीची, पैशांची आणि वकिलाशी होणारी बोलणी तेवढी सिग्नलवर न्या.

११. एन्क्रिप्टेड असतं तर चॅट बातम्यांत कसे येतात?

२०२० मध्ये मुंबईत चित्रपटसृष्टीतल्या काहींचे जुने चॅट वाहिन्यांवर झळकले, त्या आठवड्यात हा प्रश्न मला रोज यायचा. एंड-टू-एंड म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टोकाला, म्हणजे फोनच्या पडद्यावर, मजकूर उघडाच असतो. उघडलेला फोन हातात आला, कोणी स्क्रीनशॉट काढला, ‘लिंक केलेली उपकरणं’मध्ये कोणाचा तरी लॅपटॉप जोडलेला राहिला, की वाटेतलं कुलूप फोडायची गरजच नसते.

आणि बॅकअप. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी या कुलपाबाहेर होता. २०२१ मध्ये तो लॉक करायची सोय आली, पण ती आपणहून सुरू करावी लागते. सेटिंग्ज, चॅट, चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड किंवा ६४ अक्षरी किल्ली निवडता येते. ती हरवली आणि फोनही गेला, तर बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही. प्रश्न १५ वाचल्याशिवाय सुरू करू नका.

१२. ‘सुरक्षा कोड बदलला आहे’ असा मेसेज येतो. कोणी हॅक केलं का?

शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा समोरच्याने फोन बदललेला किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. पण तो मेसेज आल्यावर लगेच पैसे मागितले गेले तर साधा फोन करून आवाज ऐका.

१३. टेलिग्राम सुरक्षित आहे असं ऐकलं होतं…

नेहमीचे चॅट आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड नसतात. फक्त ‘सिक्रेट चॅट’ असतो, आणि तो प्रत्येक वेळी मुद्दाम सुरू करावा लागतो. चॅनेल वाचायला टेलिग्राम ठीक आहे.

१४. ईमेल एन्क्रिप्ट करायला काय लागेल?

थंडरबर्ड या फुकट ईमेल प्रोग्रॅममध्ये २०२० पासून ओपनपीजीपी, म्हणजे पीजीपीचीच खुली पद्धत, आतच आहे. किल्ल्यांची जोडी बनते. सार्वजनिक किल्ली म्हणजे तुमची उघडी कुलपं, ती वाटेल त्याला द्यायची. कोणीही आपलं पत्र डब्यात घालून तुमचं कुलूप लावेल. उघडणारी खाजगी किल्ली फक्त तुमच्याकडे. पाठवणारा, घेणारा आणि वेळ मात्र उघडी राहते, आणि बऱ्याच प्रोग्रॅममध्ये विषयाची ओळही. तेव्हा विषयात ‘घटस्फोटाची कागदपत्रं’ लिहू नका.

खरं सांगायचं तर घरगुती वापराला मी हे सुचवत नाही. दोन्ही बाजूंना शिस्त लागते आणि एकाने ‘रिप्लाय’ साध्या मजकुरात केला की सगळंच उघडं पडतं. पत्रकार आणि वकिलांनी शिकावं. बाकीच्यांनी प्रोटॉन मेलचं फुकट खातं घ्यावं किंवा सरळ सिग्नलवर पाठवावं. प्रोटॉन स्वित्झर्लंडचं आहे म्हणजे कायद्यापलीकडचं आहे असं नाही. २०२१ मध्ये तिथल्या कायदेशीर आदेशावरून त्यांना एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटला कुठून जोडलं ते सांगणारा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला होता. पत्रांचा मजकूर मात्र त्यांनाही वाचता येत नाही.

१५. पासवर्ड कसा ठेवू? मराठीत टाइप केला तर कोणाला ओळखता येणार नाही ना?

कल्पना छान आहे, पण पाय गोत्यात जातो. ‘ॲ’ हे अक्षर संगणक एकसंध म्हणूनही साठवतो आणि ‘अ’वर चंद्र असंही. ‘दुसऱ्या’ तर दोन-तीन रीतींनी टाइप होतं. डोळ्यांना सगळं सारखंच. संगणकावर इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डने ठेवलेला पासवर्ड फोनच्या कीबोर्डवर तसाच उमटेल याची खात्री नाही. आणि पूर्ण डिस्क व्हेराक्रिप्टने लॉक केली असेल तर सुरू होताना फक्त अमेरिकी इंग्रजी कीबोर्ड चालतो. म्हणून शब्द मराठी घ्या, लिपी रोमन ठेवा.

शब्द मनाने निवडू नका. सगळ्यांच्या मनात गणपती, शिवबा आणि पिल्लूच येतं. अभंगाची ओळही नको, ती सगळ्यांना पाठ असते. डाइसवेअर नावाची रीत आहे: पाच वेळा फासा टाकायचा आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून त्या आकड्यांचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द झाले की २ वर २३ शून्यं इतके पर्याय होतात. जाडा शब्दकोश कुठेही उघडून डोळे मिटून बोट ठेवलं तरी मनाने निवडण्यापेक्षा बरं. kadhai-vinchu असली जोडी लक्षातही राहते.

असा एकच मोठा पासवर्ड पाठ करा. बाकीचे सगळे कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डन या पासवर्डच्या तिजोरीला सांभाळू द्या. दोन्ही फुकट.

१६. पासवर्ड विसरलो. कंपनीला मेल केला तर मदत करतील का?

नाही. व्हेराक्रिप्ट, सिग्नल किंवा क्रिप्टोमेटरकडे दुसरी किल्लीच नाही. असती तर ती सॉफ्टवेअर घेण्यात अर्थ नव्हता. अर्धवट आठवत असेल तर शांतपणे वहीत सगळे पर्याय लिहून एकेक करून बघा. कॅप्स लॉक तपासा. पासवर्ड ठेवला तेव्हा कोणता कीबोर्ड होता ते आठवा. यापलीकडे उपाय नाही.

१७. माझं काही बरंवाईट झालं तर घरच्यांनी कसं उघडायचं?

हा प्रश्न कमी जण विचारतात, आणि तो सगळ्यांनी विचारायला हवा. ओळखीतल्या एका काकांनी गुंतवणुकीचा सगळा हिशेब व्हेराक्रिप्टमध्ये ठेवला होता. नीटनेटके गृहस्थ. ते गेल्यावर काकूंनी डायरी आणून दिली. त्यात पेनड्राइव्ह कुठे आहे ते लिहिलं होतं आणि पुढे ‘पासवर्ड: नेहमीचा’. आम्ही दोन संध्याकाळी बसलो. नेहमीचा म्हणजे कोणता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पॉलिशा सापडल्या त्या एजंटकडच्या झेरॉक्समुळे.

तेव्हा कागद वापरा. मुख्य पासवर्ड, फोनचा पिन, ४८ आकडी रिकव्हरी किल्ली आणि ‘हे कशाने उघडतं’ याच्या चार ओळी मराठीत लिहून पाकीट बंद करा. एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरी दुसऱ्या घरात, जिथे तुमचा लॅपटॉप नाही. लॉकर जोडनावाने आहे ना, तेही बघा. पासवर्ड बदलला की पाकीट बदला. गूगल खात्यासाठी ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि ॲपलसाठी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ अशा सोयी फुकट आहेत, पण त्या व्हेराक्रिप्टचं कुलूप उघडत नाहीत.

१८. हे सगळं भारतात कायदेशीर आहे का? पोलिसांनी पासवर्ड मागितला तर?

वापरणं कायदेशीर आहे. २०१५ मध्ये केंद्राने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला होता. त्यात लोकांनी आपले मेसेज ९० दिवस साध्या मजकुरात जपून ठेवावेत अशी अट होती. एवढी ओरड झाली की तो लगेचच मागे घेतला गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ ध्यानात ठेवा. देशाची सुरक्षा, गुन्ह्याचा तपास अशा ठरावीक कारणांसाठी सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश असेल, तर माहिती उघडून देण्यात मदत करावी लागते. नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यात अडवून ‘जरा व्हॉट्सॲप दाखव’ म्हणणं म्हणजे असा आदेश नव्हे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, या घटनेतल्या संरक्षणात पासवर्ड बसतो का, यावर न्यायालयांत वाद होत आले आहेत. वेळ आलीच तर वकिलाशी बोला, माझ्याशी नको. ब्रिटनमधल्या मंडळींसाठी: तिथे अशी नोटीस धुडकावली तर साधारण दोन वर्षं, काही गुन्ह्यांत पाच वर्षं शिक्षा आहे.

व्हेराक्रिप्टमधला ‘छुपा व्हॉल्यूम’, म्हणजे एका पासवर्डला एक कप्पा आणि दुसऱ्याला दुसरा, यावर लोकांचा फार जीव. बाहेरच्या कप्प्यात जास्त फाइली भरल्या की आतला पुसला जाऊ शकतो. तुम्हाला त्याची गरज नाही.

१९. फाइल कंटेनरमध्ये टाकली आणि बाहेरची डिलीट केली. झालं ना काम?

अर्धंच. डिलीट केलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये असते. तिथून काढली तरी डिस्कवर तिचे अवशेष राहतात आणि ते परत मिळवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. वरून लिहून पुसण्याची जुनी युक्ती एसएसडीवर, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या चिपच्या डिस्कवर, खात्रीची नाही, कारण एसएसडी प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो. शिवाय अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीत नाव आणि फोटोची झलक उरते ती वेगळीच. म्हणूनच आधी पूर्ण डिस्क लॉक करा (प्रश्न ५), कंटेनर त्याच्या आत. जुना लॅपटॉप विकताना मग फॉरमॅट केलं की किल्लीच जाते आणि उरलेला कचरा वाचता येत नाही.

२०. क्वांटम संगणक आला की हे सगळं फुटणार म्हणे?

एईएस-२५६ला तेवढं भय नाही. धोका आहे तो किल्ल्यांच्या देवाणघेवाणीला. सिग्नलने त्याची तयारी २०२३ पासून सुरू केली आणि अमेरिकेने २०२४ मध्ये नवी मानकं जाहीर केली. तुम्ही फक्त ॲप अपडेट करत राहा.

२१. पासवर्ड फुटला म्हणून व्हेराक्रिप्टचा पासवर्ड बदलला. आता निर्धास्त ना?

इथे भलेभले फसतात. पासवर्ड बदलला तरी आतली मुख्य किल्ली तीच राहते. कंटेनरच्या सुरुवातीला ‘हेडर’ नावाचा छोटा भाग असतो, त्यात ती किल्ली तुमच्या पासवर्डने लॉक केलेली असते. बदलतं ते फक्त हेडरवरचं कुलूप. कोणाकडे कंटेनरची जुनी प्रत असेल, म्हणजे जुना पेनड्राइव्ह, ड्राइव्हवरची मागची आवृत्ती किंवा हेडरचा बॅकअप, आणि जुना पासवर्ड माहीत असेल, तर तो आजचा कंटेनरही उघडू शकतो.

म्हणून पासवर्ड खरोखर फुटला असेल तर नवा कंटेनर बनवा, फाइली त्यात हलवा आणि जुन्या सगळ्या प्रती नष्ट करा. उलट, डिस्क बिघडून हेडर खराब झालं तर तोच हेडर-बॅकअप तुम्हाला वाचवतो, तेव्हा नव्या कंटेनरचा एक घेऊन ठेवा. त्याला लागणारा पासवर्ड म्हणजे बॅकअप घेतला त्या दिवशीचा. पाकिटावर तारीख लिहा.